पुन्हा एक प्रवाळ गेलं? दोष शोधायला इथून सुरुवात करा

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी हॉलच्या भिंतीला लागून १५० लिटरचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. पहिल्या वर्षी त्यात अकरा प्रवाळं आणली, त्यांतली सात मेली. सातवं होतं टॉर्च कोरल. त्याच्या सांगाड्यावरून मांस सुटून पाण्यात तरंगताना पाहिलं आणि घाबरून मी त्या रात्री चार गोष्टी एकदम केल्या. अर्धं पाणी बदललं, दिवे मंद केले, फॉस्फेट शोषणारे दाणे दुप्पट टाकले आणि बाटलीतलं बफर, म्हणजे पीएच वाढवणारं द्रव, ओतलं. सकाळी शेजारचं धडधाकट हॅमर कोरलही मिटलेलं होतं.

खरं कारण दहा दिवसांनी सापडलं. माझं रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) दाखवत होतं आणि पाणी प्रत्यक्षात ३१ वर होतं. म्हणजे त्या रात्री केलेल्या चारही उपायांचा मूळ दुखण्याशी काही संबंध नव्हता. हॅमरला मात्र त्या उपायांनीच दुखापत केली.

म्हणून या लेखातला आग्रह एकच आहे: आधी मोजा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलाला वेळ द्या. प्रवाळ हा प्राणी आहे आणि तो एका जागी चिकटलेला आहे. मासा त्रास झाला तर दुसऱ्या कोपऱ्यात जातो, प्रवाळाला ती सोय नाही. थोडंसं कमीजास्त पाणी त्याला चालतं, त्याची सवय होते. पण रोज वेगळं पाणी मिळालं तर ते थकतं आणि मरतं.

पुढे जाण्याआधी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतात दगडी सांगाडा असलेली सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरून ज्यांनी ती पाहिली असतील, त्यांनी तिथला मेलेला तुकडाही खिशात घालू नये. भारतात टँक ठेवणाऱ्यांनी कुठलंही प्रवाळ घेण्याआधी वन खात्याकडे नियम विचारावेत. दुकानात मिळतं म्हणजे चालतं असं समजू नये. माझा अनुभव अमेरिकेतल्या टँकचा आहे. इथे टँकमध्येच वाढवलेले छोटे तुकडे, म्हणजे फ्रॅग, सहज मिळतात, आणि मी फक्त तेच घेतो.

पायरी १: आज रात्री काय करायचं

प्रवाळ डोळ्यांसमोर मरत असताना हातावर हात ठेवून बसवत नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा जेवढं केल्याने नुकसान होत नाही तेवढंच करा. ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत घालून पाण्याच्या वाहत्या जागी ठेवा. पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा, म्हणजे प्राणवायू मिळत राहील. पूर्ण मेलेलं, वास येणारं प्रवाळ बाहेर काढा; ते सडून इतरांचं पाणी बिघडवतं. १५ ते २० टक्के पाणी बदला, पण नवीन पाण्याचं तापमान आणि खारटपणा टँकच्या पाण्याशी जुळलेला हवा.

बस. कुठलीही बाटली उघडू नका आणि दिव्यांना हात लावू नका. वही घ्या, तारीख टाका, प्रत्येक प्रवाळाचा फोटो काढा.

पायरी २: मरण कसं दिसतंय ते वाचा

पहिला प्रश्न: एकच प्रवाळ आजारी आहे की सगळीच? सगळी एका दिवसात मिटली असतील तर दोष पाण्यात आहे. खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी (सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचा साठा, पायरी ५ पाहा) बिघडलंय किंवा काहीतरी विषारी पडलंय. एकच मिटलं असेल आणि बाकीची फुललेली असतील तर त्या एकाच्या जागेत, अंगावर किंवा शेजाऱ्यांत शोधायचं. हा एक प्रश्न तुमची निम्मी शोधाशोध वाचवतो, आणि नवीन माणूस नेमका हाच विचारायला विसरतो.

दुसरा प्रश्न: रंग गेलाय की मांस गेलंय? दोन्हींत प्रवाळ पांढरं दिसतं, पण दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. प्रवाळाच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं, त्याला झूझँथेली म्हणतात. प्रकाशापासून ते साखर बनवतं आणि यजमानाला देतं. प्रवाळावर ताण आला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. मांस अजून जिवंत असतं. भिंगातून पाहिलं तर पातळ चकाकणारा थर आणि बारीक स्पर्शिका दिसतात. असं प्रवाळ उपाशी असतं. सावलीत ठेवून, हलकं खाऊ घालून ते आठवड्या-महिन्यांत परत रंग धरू शकतं. विरंजन झालेलं प्रवाळ मेलं समजून कचऱ्यात टाकू नका. मी एक टाकलंय, आणि ती चूक अजून टोचते.

मांस गेलेलं असेल तर सांगाडा कोरडा, खरखरीत आणि लख्ख पांढरा दिसतो. काही दिवसांत त्यावर हिरवं-तपकिरी शेवाळ चढतं. तिथे पुन्हा मांस येईल अशी आशा नाही; उरलेला भाग वाचवायचा.

तिसरा प्रश्न: सुरुवात कुठून झाली?

वरची, दिव्याकडची बाजू फिकी आणि सावलीतली बाजू ठणठणीत असेल तर प्रकाश जास्त आहे.

अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाची फक्त टोकं जळाल्यासारखी पांढरी झाली असतील तर बहुतेक वेळा अल्कलिनिटी चढी आणि नायट्रेट-फॉस्फेट (पाण्यातली खाद्यद्रव्यं, पायरी ६ पाहा) जवळपास शून्य, अशी जोडी सापडते.

बुडापासून मांस हळूहळू वर सरकत असेल तर अल्कलिनिटीचे चढउतार, बुडाशी कमी पडणारा प्रकाश आणि प्रवाह किंवा कीड, या क्रमाने तपासा.

काही तासांत फांदीच्या फांदी सोलून निघत असेल तर वाट पाहू नका. पांढऱ्या रेषेपासून बरंच वर, निरोगी भागातून फांदी कापा आणि तो तुकडा वेगळ्या दगडावर चिकटवा. मूळ झाड गेलं तरी वंश राहतो.

आणि हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांच्या डोक्यावर, म्हणजे फांदीच्या टोकाच्या मांसल गुच्छावर, तपकिरी बुळबुळीत जेलीसारखा थर, सोबत कुजका वास असेल तर तो ब्राउन जेलीचा रोग आहे. तो एका डोक्यावरून दुसऱ्यावर पसरतो. पंप बंद करा, म्हणजे जेली टँकभर उडणार नाही. पातळ नळीने ती ओढून थेट बादलीत सोडा. आजारी डोकं सांगाड्यासकट कापून काढा, उरलेलं आयोडीनच्या कोरल डिपमध्ये, म्हणजे प्रवाळ धुवायच्या औषधी द्रावात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने बुडवा आणि जरा जास्त प्रवाहात ठेवा. हे त्याच दिवशी करायचं काम आहे.

दोन गोष्टींना घाबरायचं नाही. लेदर कोरल अधूनमधून आठवडाभर मिटून बसतं आणि अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं. ते कात टाकतंय, प्रवाह थोडा वाढवा आणि सोडून द्या. दुसरं, रंगीत प्रवाळ तपकिरी पडलं तर ते मरत नाहीये. प्रकाश कमी किंवा पाण्यात खाद्यद्रव्य जास्त असल्याने त्याच्या अंगातलं शैवाल वाढलंय एवढंच.

पायरी ३: मोजणारी साधनं आधी मोजा

माझी सात प्रवाळं बहुतेक याच पायरीने वाचली असती. रिफ्रॅक्टोमीटर साध्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून मी समाधानी होतो. पण शून्याला बरोबर असलेलं साधन ३५ ला बरोबर असेलच असं नाही. त्यासाठी ३५ पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रव मिळतं. त्याचे दोन थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणा. महिन्यातून एकदा हे करा. प्लॅस्टिकचा काटा वर-खाली होणारा हायड्रोमीटर वापरत असाल तर त्याच्यावर विसंबू नका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो.

थर्मामीटर दोन ठेवा आणि एकमेकांशी ताडून पाहा. टेस्ट किटच्या बाटल्यांवरची मुदत वाचा. एखादा आकडा फारच विचित्र आला तर काहीही ओतण्याआधी दुसऱ्या किटने किंवा ओळखीच्या दुकानात पुन्हा मोजून घ्या.

पायरी ४: खारटपणा आणि तापमान

लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. तापमान २५ ते २७ अंश.

टँकमधून पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. इथे हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा इतकी कोरडी होते की माझ्या टँकमधून दिवसाला तीन लिटर जातात. तीन दिवसांच्या सुट्टीवर गेलो आणि कोणी पाणी भरलं नाही तर टँकमधल्या प्रत्यक्ष १३० लिटर पाण्याचे १२१ लिटर उरतात आणि ३५ चा खारटपणा ३७ च्या वर पोचतो. परत आल्यावर घाईने नऊ लिटर गोडं पाणी ओतलं की तोच आकडा काही मिनिटांत खाली कोसळतो. दुसरा धक्का पहिल्याइतकाच वाईट. पाणी आपोआप भरणारं यंत्र ही चैन नाही. नवीन दिव्याच्या आधी ते घ्या.

चुकलेला खारटपणा दुरुस्त करताना दिवसाला एक पीपीटीहून जास्त हलवू नका. माझ्या ३१ चे ३५ करायला मी सहा दिवस घेतले.

तापमानात आकड्यापेक्षा चढउतार बघा. दिवसभरात एक अंशाचा फरक चालतो. हीटर बिघडतात, आणि बऱ्याचदा चालूच राहून बिघडतात. म्हणून हीटरला वेगळा तापमान-नियंत्रक जोडा, जो ठरावीक अंशाला वीज तोडेल. उन्हाळ्यात पाणी चढत असेल तर पृष्ठभागावर फिरणारा साधा पंखा दोनेक अंश उतरवतो. समुद्रातली प्रवाळं किती नाजूक काठावर जगतात ते बघा: नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर अवघा एक अंश काही आठवडे टिकला की विरंजन सुरू होतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने जगभरातलं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं, ते याच उष्णतेमुळे.

पायरी ५: अल्कलिनिटी, जिथे बहुतेक घोटाळे होतात

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. विटा दोन: कॅल्शियम आणि कार्बोनेट. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने दुसऱ्या विटेचा साठा. तो डीकेएच या एककात मोजतात. नैसर्गिक समुद्रात तो ७ च्या आसपास असतो. घरच्या टँकमध्ये ८ ते ९ ठेवलेला बरा. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम.

या तिघांत अल्कलिनिटीवरच डोळा का ठेवायचा? प्रवाळ २.८ डीकेएच खर्च करतं तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमने उतरतं. ४२० मधून २० गेले तर कळतही नाही. पण ८ मधून २.८ गेले तर तिजोरीचा तिसरा भाग रिकामा झाला. गडबड आधी अल्कलिनिटीत दिसते आणि प्रवाळाला जाणवतेही आधी तीच.

तुमचा टँक रोज किती खातो ते असं काढा. काहीही न टाकता एका ठरावीक वेळी, समजा रात्री नऊला, मोजा. तीन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. समजा आधी ८.६ होतं आणि आता ७.४ आहे. १.२ गेले, म्हणजे दिवसाला ०.४. आता खाण्याचा सोडा. शुद्ध सोडियम बायकार्बोनेटचे ३ ग्रॅम १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवतात. माझ्या १५० लिटरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी १३० लिटर आहे. तेव्हा ०.४ गुणिले १.३ गुणिले ३, म्हणजे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास. तो कपभर आरओडीआय पाण्यात, म्हणजे गाळणी आणि राळेतून काढलेल्या शुद्ध पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू सोडायचा. बेकिंग पावडर वेगळी असते, तिच्यात इतर पदार्थ असतात. डब्यावरचं नाव दोनदा वाचा.

आकडा फार खाली गेला असेल तर एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका, अर्धाच चढवलात तर आणखी बरं. ६ वर स्थिर असलेल्या टँकमध्ये प्रवाळं जगतात. सकाळी ६ आणि रात्री ९ असलेल्या टँकमध्ये मरतात.

आता एक न दिसणारा धक्का. रीफ सॉल्टच्या पिशव्या वेगवेगळ्या असतात. काही मिठांचं पाणी ११-१२ डीकेएचचं बनतं. तुमचा टँक ७.५ वर आणि नवीन पाणी ११.५ चं असेल तर ३० टक्के पाणी बदलताना अल्कलिनिटी एका फटक्यात १.२ ने वर जाते. "पाणी बदललं की दोन दिवस प्रवाळं रुसतात" अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथे. नवीन पाणी बादलीतच मोजा. टँकशी जुळणारं मीठ घ्या, किंवा एका वेळी १० टक्केच बदला.

टाकूनही अल्कलिनिटी आणि कॅल्शियम टिकतच नसेल, हीटरवर आणि पंपावर पांढरा खर धरत असेल तर मॅग्नेशियम मोजा. ते १२०० च्या खाली गेलं की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साका धरायला लागतं आणि तुम्ही टाकलेलं सगळं प्रवाळांऐवजी पंपावर बसतं.

या छंदात काल्कवासर नावाचं एक प्रकरण ऐकू येईल. शब्द जर्मन आहे, वस्तू आपल्या ओळखीची: चुन्याची निवळी, शाळेतल्या प्रयोगशाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात, म्हणून ती मला फार आवडते. लिटरला साधारण दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंब थेंब सोडायचं. पानाचा चुना चालणार नाही, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे घाला, आणि ती एकदम टँकमध्ये सांडली तर एका तासात सगळं जाऊ शकतं. म्हणून नवख्या माणसाने पहिले सहा महिने खाण्याच्या सोड्यावर आणि नियमित पाणी बदलण्यावरच राहावं.

पीएचबद्दल थोडक्यात. ७.८ ते ८.४ चालतो. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, घरात चार माणसं, गॅसवर पोळ्या चाललेल्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात विरघळतो आणि पीएच ७.८ वर येतो. वाढ थोडी मंदावते, पण प्रवाळ त्याने मरत नाही. पीएच वाढवणारी बाटली ओतलीत तर अल्कलिनिटी विनाकारण चढेल. त्यापेक्षा दिवसातून काही वेळ खिडकी उघडा, किंवा स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीतून बाहेर काढा.

पायरी ६: नायट्रेट आणि फॉस्फेट

नवीन लोक हे दोन्ही शून्यावर आणायच्या मागे लागतात. मीही लागलो होतो. प्रवाळाला आणि त्याच्या शैवालाला दोन्ही लागतात. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही चांगली जागा. दोन्ही शून्य झाली की प्रवाळ फिकं पडतं, आणि वाळूवर बुडबुड्यांसकट तपकिरी चिकट तंतू पसरतात. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव असतात आणि त्यांना घालवणं महिन्यांचं काम होतं. फॉस्फेट जास्त असेल तर शोषक दाणे सांगितलेल्या मापाच्या निम्म्यानेच सुरू करा. फॉस्फेट अचानक ओढून घेतल्याने मेलेली प्रवाळं मी पाहिली आहेत. हळूहळू चढलेल्या फॉस्फेटने तशी एका रात्रीत मेलेली पाहिली नाहीत.

पायरी ७: प्रकाश आणि प्रवाह

एलईडीची ताकद डोळ्याला कळत नाही, कारण निळा प्रकाश आपल्याला मंद भासतो. पार, म्हणजे शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश, मोजणारा पार मीटर महाग असतो, पण इथली बरीच दुकानं आणि हौशी मंडळं तो भाड्याने देतात. एका दुपारी सगळ्या जागा मोजून वहीत नकाशा काढा. मशरूम आणि लेदरसारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १५०, हॅमर-टॉर्च मंडळींना ७५ ते १५०, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० पार लागतो. मीटर नसेल तर नवीन प्रवाळ तळाशी वाळूवर ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्या. दिवा नवीन घेतला असेल तर निम्म्या ताकदीने सुरू करून तेवढाच वेळ घ्या.

प्रवाह असा हवा की हॅमरच्या स्पर्शिका भाताच्या शेतासारख्या डोलतील. सतत एकाच बाजूला झोपलेल्या असतील तर पंप थेट अंगावर येतोय. मांस सांगाड्यावर घासून फाटतं. अंगावर कचरा साचत असेल तर प्रवाह कमी आहे.

पायरी ८: कीड आणि शेजारी

दिवे गेल्यावर दोन तासांनी लाल उजेडाची विजेरी घेऊन टँकपाशी बसा. दिवसा न दिसणारं सगळं तेव्हा बाहेर येतं. अ‍ॅक्रोपोराच्या बुडाशी चावल्यासारखे गोल फिके डाग दिसले तर अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे. ते प्रवाळाच्याच रंगाचे असल्याने सहजी दिसत नाहीत. मॉन्टीपोराच्या खालच्या बाजूला आणि झोएंथिड या गुच्छांत वाढणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जीवांच्या देठांत बारीक नुडीब्रँक गोगलगायी शोधा.

कोरल डिपमध्ये किडे मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून नवीन फ्रॅग आला की तो ज्या बुचावर चिकटवलेला असतो ते बूच तोडून फेकून द्या, अंडी बहुधा तिथेच असतात. डिप दर आठवड्याला, निदान तीन-चार वेळा करा. शक्य असेल तर महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा.

शेजाऱ्यांची भांडणं रात्री होतात. गॅलेक्सिया रात्री लांबलचक डंखाच्या स्पर्शिका सोडतं आणि वीतभर अंतरावरच्या प्रवाळालाही भाजतं. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शेजारी शेजारी नांदतात. टॉर्च त्यांच्यात ठेवू नका. लेदरसारखी मऊ प्रवाळं पाण्यात रसायनं सोडून दगडी प्रवाळांची वाढ रोखतात, म्हणून दोन्ही प्रकार एकत्र असतील तर कार्बन कायम चालू ठेवा.

मासेही बघा. फुलपाखरू मासे आणि बरेचसे एंजल मासे प्रवाळ टोचतात. समोर बसून दिसणार नाही. मोबाईल टेकवून तासभर चित्रण करा.

झोएंथिड हाताळताना एक गंभीर इशारा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ती चिकटलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका. वाफेतून आणि तुषारांतून विष शरीरात जातं आणि घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचू शकतात. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. मुलं त्या खोलीत नकोत.

पायरी ९: आपल्या घरातलं विष

सगळी प्रवाळं एकदम मिटली, आणि वरचे सगळे आकडे ठीक आहेत. आता घराकडे बघा.

आपल्याकडे तांब्याच्या कळशीतलं पाणी आरोग्याला चांगलं मानतात. टँकसाठीचं पाणी त्या कळशीत क्षणभरही ठेवू नका. माणसाला न जाणवणारं तांबं प्रवाळाला, कोळंबीला, शंखाला मारतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं. ती मुख्य टँकमध्ये कधीच नकोत. नळाचं पाणी वापरत असाल तर ते थांबवा. त्यात क्लोरामाइन, पाइपांतलं तांबं आणि नायट्रेट असू शकतं. आरओडीआयमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचा आकडा, शून्य हवा; १-२ दिसू लागला की राळेचं काडतूस बदला.

हीटरची काच तडकली आहे का, पंपाच्या आतलं चुंबक गंजलंय का, कुठे क्लिपचा स्क्रू पाण्यात पडलाय का, हे हाताने उचलून तपासा. हात घालण्याआधी वीज बंद करा. माझ्या ओळखीच्या एका घरात चुंबकावरचं प्लॅस्टिक फुगून चिरलं होतं आणि आत गंज होता. ते कुटुंब दोन महिने नुसतं पाणी बदलत होतं. अशा वेळी आयसीपी चाचणीला, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या चाचणीला, पाण्याचा नमुना पाठवण्याचे पैसे वसूल होतात, कारण तांबं, जस्त, टिन हे सगळं तिच्यात दिसतं.

डासांचा फवारा, काच पुसायचा स्प्रे, सुगंधी फवारे त्या खोलीत मारू नका. स्किमर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतो. हाताला क्रीम किंवा भांड्याचा साबण लागलेला असताना टँकमध्ये हात घालू नका. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती स्किमरच्या हवेच्या नळीपासून दूर लावा.

पुढचं प्रवाळ केव्हा आणायचं

अमोनिया-नायट्राइटचं चक्र, म्हणजे ही विषारी द्रव्यं पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये रुजणं, चार-सहा आठवड्यांत पूर्ण होतं, पण टँक तेवढ्यात पिकत नाही. सलग चार आठवडे अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या आत आणि खारटपणा एका पीपीटीच्या आत राहिला, तरच पुढचं प्रवाळ आणा. दुकानात सूट लागली म्हणून आणू नका.

सुरुवात मशरूमने करा. मग ग्रीन स्टार पॉलिप, पण ते वेगळ्या सुट्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळा टँक व्यापेल. ही दोन्ही दोन महिने फुललेली राहिली की एक डोक्याचं हॅमर. अ‍ॅक्रोपोरा निदान एक वर्षानंतर.

नवीन प्रवाळ आलं की त्याला तळाशी ठेवा, बुडाजवळ एक छोटी खूण करा आणि दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच उजेडात फोटो घ्या. मांस बुडापासून एक मिलिमीटर जरी मागे सरलं तरी दोन फोटो शेजारी ठेवल्यावर ते दिसतं, आणि तेव्हा दुसऱ्या पायरीपासून सुरू करायला अजून वेळ हातात असतो.